ऑफिक्लाइड की सॅक्सोफोन? आधी तोंड बघा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वाद्यसंग्रहात ऑफिक्लाइड नावाचं जुनं पितळी वाद्य आहे. खाली वळून पुन्हा वर आलेली, रुंदावत गेलेली नळी आणि अंगावर भोकं झाकणाऱ्या मोठाल्या गोल चाव्या. बघणारा पटकन म्हणतो, हा तर सॅक्सोफोन! चूक साहजिक आहे, पण दोघांचं कूळच वेगळं.

ऑफिक्लाइडच्या तोंडाशी धातूची छोटी वाटी असते. तिला ओठ लावून ते थरथरवायचे, तुतारी फुंकताना करतात तसंच. सॅक्सोफोनच्या चोचीवर बोरूसारख्या गवताची पातळ पत्ती बसवलेली असते आणि थरथरते ती. म्हणून अंगाने पितळी असूनही सॅक्सोफोन क्लॅरिनेट-सनईच्या पंगतीत बसतो.

दुसरी खूण मला जास्त आवडते, कारण ती काचेबाहेरूनही दिसते. ऑफिक्लाइडला बहुधा ११ चाव्या असतात. वाद्य नुसतं उभं असताना त्यातली एकच, नळीच्या शेवटच्या रुंद तोंडाजवळची, उघडी असते. बाकीच्या भोकांवर घट्ट मिटलेल्या. चावी दाबली की भोक उघडतं. सॅक्सोफोनवर बोटांखालच्या मुख्य चाव्या उघड्याच असतात, दाबल्यावर मिटतात.

ऑफिक्लाइड १८१७ मध्ये पॅरिसच्या झाँ हिलेर आस्ते यांनी घडवलं, पेटंट १८२१चं. नावाचा ग्रीक अर्थ ‘चाव्यांचा साप’, कारण सर्पेंट या नागमोडी लाकडी वाद्याची जागा त्याला घ्यायची होती. सॅक्सोफोन घडवणाऱ्या अॅडॉल्फ सॅक्स यांचं पेटंट १८४६चं आणि त्यातल्या चित्रात खर्जाचा सॅक्सोफोन चक्क ऑफिक्लाइडच्या घाटाचा आहे! तेव्हा बघणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

ऑफिक्लाइडला मागे सारलं ते मात्र ट्यूबा या खर्जाच्या पितळी वाद्याने, १८३५ मध्ये बर्लिनला पेटंट मिळालेल्या. ऑफिक्लाइडचा स्वर बदलला की आवाज वेगळ्या भोकातून बाहेर पडतो, त्यामुळे एक स्वर भरदार तर पुढचा जरा दबका. ट्यूबात भोकांऐवजी नळीची लांबी बदलणारे व्हॉल्व्ह असल्याने प्रत्येक स्वर शेवटच्या रुंद तोंडातूनच येतो. पण या सफाईत काहीतरी हरवलंही. फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या १८३०च्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये शेवटी मृत्यूचं जुनं चर्चगीत येतं, ते आज बहुतेक ट्यूबावर ऐकू येतं. जुन्या वाद्यांचा ऑर्केस्ट्रा ते ऑफिक्लाइडवर वाजवतो तेव्हा तोच खर्ज खरखरीत, अंगावर येणारा होतो. एकदा तसं ऐकाच.