दस्त्याला तेल कुणाचं?

भाद्रपदात भात पोटरीला आलं, डुकरं शेतात उतरायला लागली, की कुडाळकडच्या आमच्या घरात आजोबा भिंतीवरची ठासणीची बंदूक खाली काढत. पावसाने शिसवी दस्त्यावर, म्हणजे खांद्यागालाला टेकणाऱ्या लाकडी भागावर, पांढरट बुरा धरलेला असे. तो पुसून खरवतीच्या खरखरीत पानाने लाकूड घासायचं, मग जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन हात तापेपर्यंत चोळायचं. दोनच. तिसरा पडला की तेल सुकत नाही, चिकटतं. हे त्यांना एका होडीच्या सुताराने शिकवलं होतं, बंदूकवाल्याने नव्हे. कोकणातल्या दस्त्याच्या पॉलिशची विद्या बरीचशी अशीच दुसऱ्यांच्या धंद्यातून आलेली आहे.

बंदुका घडवणं इथे जुनंच. १५१० साली पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतला आणि तिथल्या कारागिरांनी केलेल्या बंदुकांची त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहिताना वाखाणणी केली. युरोपात दस्त्याला अक्रोडाचं लाकूड, हलकं आणि धक्का सोसणारं. आपल्याकडे अक्रोड कुठला? मग शिसव, नाहीतर फणस. शिसव मुळातच तेलकट, वरचं तेल फारसं पीत नाही. फणस कापल्यावर हळदीसारखा पिवळा, उजेडात हळूहळू तांबूस होत जातो.

तेलं मात्र बंदरावर होती. उंडीच्या झाडाच्या बियांचं तेल लाकडात मुरतं पण सुकत नाही, म्हणून दस्त्याच्या कामाचं नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. त्याच्या टरफलाचं तेल होडीच्या फळ्यांना लावलं की कीड दूर राहते. पण ते कातडी उतवतं. नेम धरताना दस्ता गालाला टेकतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं!

दुसरी वाट सावंतवाडीची. तिथले चितारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाने लाख वितळून बसते, वरून केवड्याचं पान दाबून झिलई आणतात. दस्ता काही लाटण्यासारखा गोल नाही, तो असा फिरवता येत नाही. म्हणून चपडा लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांची शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून, फडक्यात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात देत जायचं. बाबांनी आमच्या बंदुकीला पुढे हेच केलं. दिसायला देखणं, पण आषाढात केलंत तर हवेतली ओल धरून पांढरं पडतं.

१८५७ नंतर सरकारचा हत्यारांवर डोळा राहिला. १८७८ च्या कायद्याने बंदुकीला परवाना लागला, १९५९ च्या कायद्यात दुरुस्तीच्या धंद्यालाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारही संपत गेली. आता परवानाधारक बंदूक दुरुस्त करणारा मिस्त्री सहज सापडत नाही, त्यामुळे दस्त्याची निगा मालकाच्याच गळ्यात पडली. इथूनच हौशी आणि धंदेवाईक यांची देवाणघेवाण वाढली. मिस्त्रीला चार दिवसांत काम उरकायचं असतं, तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या वार्निशचा, फवारा मारून मोकळा होतो. जुन्या दस्त्यावर पीयू म्हणजे माझ्या मते पाप. एक ओरखडा पडला तरी अख्खा थर खरवडावा लागतो. पण दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वर इस्त्री टेकवली की वाफेने लाकूड फुगून वर येतं, हे मला अशाच एका मिस्त्रींनी दाखवलं. मी त्यांना एवढंच सांगू शकलो, की जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना तापून आपोआप पेट घेतात. त्यांच्याकडे कोपऱ्यात ढीगच होता.

मागे एका निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केली होती. परत आली तेव्हा दस्त्यावर चिकटपट्टीने नंबराची चिठ्ठी लावलेली. ओढून काढली, तर डिंक तसाच राहिला. मी स्पिरिटची बाटली उघडणार, तेवढ्यात मिस्त्रींना फोन लावला. ‘‘अहो, स्पिरिटाने लाख निघेल ना! खोबरेल लावा आणि रात्रभर ठेवा.’’ सकाळी डिंक बोटाने निघाला.