नाका आणि नोंद

पत्रादेवी, मोले किंवा पोळे येथे गोव्याची हद्द ओलांडताना आज बहुतेक गाड्यांना फारसे थांबावे लागत नाही, आणि त्यावरून प्रवास पूर्वीपेक्षा मोकळा झाला असे आपण सहज म्हणून जातो. हे अर्धेच खरे आहे. प्रवाशावर राज्यसत्तेचा हात दोन रीतींनी पडतो: एक अडवण्याची, दुसरी टिपून ठेवण्याची. पहिलीने संचारस्वातंत्र्याला धक्का बसतो, दुसरीने खासगीपणाला. बोलण्याच्या ओघात मात्र दोन्हींची गल्लत होते आणि नाका उठला की नोंदही उठली असा समज होतो.

नाका म्हणजे काय हे गोमंतकीयांना वेगळे सांगावे लागू नये. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीसह गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने आर्थिक नाकेबंदी केली, कॅसलरॉकमार्गे होणारी रेल्वे वाहतूक थांबली, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या घरांची ताटातूट 1961 पर्यंत टिकली. मे 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानुसार प्रवेशासाठी कोविड नसल्याचा दाखला मागितला जाऊ लागला, तोही नाकाच होता. दोन्ही प्रसंगांचे मोल सारखे नाही, हे उघड आहे. पण दोन्हींत अडवणारा समोर उभा होता, त्याच्याशी हुज्जत घालता येत होती, आणि अडवले गेल्याचे अडवलेल्याला ठाऊक होते. शिवाय नाक्यावरचा शिपाई पाळी संपली की बहुतेक चेहरे विसरतो.

नोंद विसरत नाही. फोंड्याहून बेळगावमार्गे पुण्याला मोटारीने निघालेल्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलसाठी फास्टॅग सक्तीचा आहे. किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर यांसारख्या टोलनाक्यांवर काचेवरचा टॅग वाचला जातो, पैसे वळते होतात आणि गाडी पुढे जाते. अडवणूक जवळपास शून्य. परंतु तेथील वेळा एकाखाली एक मांडल्या की गाडी केव्हा कोठे होती, वाटेत किती रेंगाळली आणि परत कधी फिरली, हे सारे उलगडते. (टॅग वडिलांच्या नावावर असेल, तर मुलाने कऱ्हाड ओलांडले हे त्याने न सांगताच घरच्या फोनवर कळते, पाळतीचा हा घरगुती अवतार बहुतेकांच्या ओळखीचा असेल.) गोव्याच्या सरकारी कदंब परिवहनच्या बसमध्ये रोख पैसे देऊन घेतलेल्या तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते, एवढा फरकही येथे पुरेसा बोलका आहे.

कॅमेरा दिसला की नोंद मोठी, हाही असाच फसवा निकष आहे. दाबोळी विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्रा योजनेला चेहरा दाखवताना अनेकजण बिचकतात. त्या योजनेच्या घोषित रचनेनुसार चेहऱ्याची माहिती प्रवाशाच्याच फोनमध्ये राहते, विमानतळाकडे गेलेली प्रत उड्डाणानंतर 24 तासांत पुसली जाते आणि सहभाग ऐच्छिक असतो. त्याच विमानतळावरून आखातात जाणाऱ्या प्रवाशाच्या आरक्षणाचा तपशील मात्र 2022 च्या नियमांनुसार विमान कंपनीने उड्डाणाच्या 24 तास आधी सीमाशुल्क खात्याच्या केंद्राला द्यायचा असतो आणि तो 5 वर्षे ठेवता येतो. तेथे कॅमेरा नाही, रांग नाही, आणि बिचकण्याची संधीही नाही. माझ्या मते नोंद जोखायची ती तिचे आयुष्य किती आणि ती कोणाला वाचता येते, यांवरून.

नाका आणि नोंद या दोहोंतला भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता, आणि योगायोग असा की तो निकाल 18 डिसेंबर 1962 चा, म्हणजे गोवामुक्तीला वर्ष पूर्ण होण्याच्या आदल्या दिवसाचा. उत्तर प्रदेशातील खडकसिंग यांची दरोड्याच्या प्रकरणातून पुराव्याअभावी सुटका झाली होती, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्यांचे दार ठोठावत आणि त्यांच्या जाण्यायेण्यावर नजर ठेवत. बहुमताने रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण हालचालींवरील पाळतीने अनुच्छेद 19 मधील संचारस्वातंत्र्याला बाध येत नाही, असे म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी याला असहमती नोंदवली: ज्याच्या प्रत्येक पावलावर डोळा आहे, त्याला अख्खा देशच तुरुंग होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी 9 न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि खासगीपणा नाकारणारा 1962 च्या निकालातील भाग रद्द ठरवला. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने मात्र सरकारला आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याची मुभा ठेवली आहे, त्यामुळे हक्क मान्य असूनही त्याचे कुंपण विरळ आहे.

पुढील काळातील खरी चिंता या दोन्ही गोष्टी एकत्र येण्याची आहे, कारण पुरेशी साठलेली नोंद स्वतःच नाका होऊ शकते. काळ्या यादीत गेलेला फास्टॅग हे त्याचे किरकोळ रूप: फाटक उघडत नाही आणि जादा टोल मोजावा लागतो. मोठे रूप युरोपात दिसते. तेथे 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने, अल्प मुदतीसाठी येणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी त्यांचा चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवण्याची पद्धत सुरू झाली, आणि 180 दिवसांत 90 दिवस राहण्याची मर्यादा यंत्रच मोजू लागले. गोव्यातून लिस्बनला नातलगांकडे जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाचे दिवस आता पडद्यावर आपोआप मोजलेले असतात. शिक्का पुसट उमटला होता, असे सांगण्याची सोय त्याला राहिलेली नाही.