ट्रॅक्टरच्या जाळीतून लोंबणारी वायर

कॅनडातल्या सस्कॅचेवान, मॅनिटोबाकडच्या शेतांचे हिवाळी व्हिडिओ पाहिलेत तर एक गोष्ट हमखास दिसते. ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत असते आणि तिचा प्लग शेडच्या भिंतीवर खोचलेला असतो. "डिझेल गोठू नये म्हणून," असं आपल्याकडे कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. पण ही वायर डिझेलच्या टाकीकडे जातच नाही. ती जाते इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात, कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात) बुडालेल्या एका छोट्या हीटरकडे. तो तिथे का लागतो, हे समजलं की कोणता घ्यायचा हा प्रश्न बराचसा सुटतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये यशस्वी झालं ते याच कल्पनेवर: हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेनं इंधन पेटावं. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक तापतं, तोच हा प्रकार. ट्रॅक्टरच्या सिलिंडरमध्ये हवा साधारण सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. उष्णता कुठेही निसटली नाही असं धरलं, तर दाबल्यानंतरचं निरपेक्ष तापमान (केल्विनमधलं, म्हणजे सेल्सिअस अधिक 273) आधीच्या तापमानाच्या 17 चा 0.4 वा घात, म्हणजे सुमारे 3.1 पट होतं. आता गंमत बघा. 30 अंश सेल्सिअसची हवा म्हणजे 303 केल्विन. दाबल्यावर ती 940 केल्विनच्या आसपास, म्हणजे सुमारे 665 अंशांवर पोचते. उणे 30 ची हवा 243 केल्विनपासून निघते आणि 480 अंशांवरच थांबते. सुरुवातीला फरक होता 60 अंशांचा, शेवटी झाला 185 चा! आत येणाऱ्या हवेचा प्रत्येक अंश दाबल्यावर तिप्पट होतो. हिवाळ्यात बुडतो तोही तिप्पट.

तरी 480 अंश पुरेत, डिझेल तर सव्वादोनशेच्या आसपास पेटतं, असं वाटेल. पण उष्णता निसटत नाही हे गृहीतक गारठलेल्या इंजिनात टिकत नाही. सिलिंडरच्या भिंती उणे 30 वर असतात आणि दाबलेल्या हवेची उष्णता त्या शोषून घेतात. फवारलेल्या डिझेलच्या थेंबांची आधी वाफ व्हावी लागते, तीही त्याच हवेतून उष्णता घेते. त्यात पिस्टन सावकाश वर येतो, म्हणून उष्णता निसटायला वेळ मिळतो आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून हवाही गळते. तो सावकाश का येतो? 15W-40 ग्रेडचं इंजिन ऑईल उणे 20 अंशांच्या खाली इतकं घट्ट होतं की इंजिन फिरवणं जड जातं, आणि उणे 18 च्या आसपास बॅटरीची स्टार्टर फिरवायची ताकदच निम्म्यावर आलेली असते. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. ते न जळलेलं डिझेल.

ब्लॉक हीटर भिंती गरम करतो, म्हणून तो दुखण्याच्या मुळाशी जातो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमननं 1940 च्या दशकात हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) एक बोल्ट काढून त्या जागी तापणारी कांडी बसवली होती. आजचा हीटर बहुधा ब्लॉकच्या बाजूच्या गोल झाकणाच्या जागी बसतो. कंपनीनं आपल्या इंजिनासाठी असा हीटर दिला असेल, तर मी दुसरीकडे बघणारच नाही. तो नसेल तर रेडिएटरच्या खालच्या होज पाईपमध्ये बसणारा. तो शक्य तितका खाली हवा, कारण तापलेलं कूलंट आपोआप वर चढण्यावरच त्याचं काम चालतं. दोन्हींत एक काळजी घ्या: हवेचा बुडबुडा अडकून कांडी उघडी राहिली, तर ती जळते.

इंजिनाखालच्या ऑईलच्या चेंबरला चिकटणारा चुंबकी हीटर स्वस्त आणि सोपा. तो ऑईल पातळ करतो, सिलिंडर फारसे तापवत नाही. आणि चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर तो चिकटतच नाही. इथलं चुंबक फक्त धरून ठेवायला असतं. डिझेलच्या नळीला चुंबक बांधलं की ॲव्हरेज वाढतं, म्हणून जे विकलं जातं त्याला भौतिकशास्त्राचा काडीचाही आधार नाही. त्यावर पैसे घालवू नका.

वॅट किती? 300 किलोचा बिडाचा ब्लॉक आणि दहा लिटर कूलंट 40 अंशांनी तापवायला सुमारे 7,000 किलोज्यूल लागतात. हजार वॅटचा हीटर ते दोन तासांत देईल; बाहेर जाणारी उष्णता धरून तीन तास. म्हणजे तीन युनिट. रात्रभर, बारा तास लावून ठेवला तर बारा. म्हणून चांगला टायमर घ्याच. बातम्यांतल्या 'उणे 45 सारखं जाणवतं' या आकड्यालाही घाबरू नका: वारा इंजिन लवकर गार करतो, पण हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. ताडपत्री मात्र टाका.

थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं तो आजार वेगळा, त्याला औषध हिवाळी डिझेल. लडाखसाठी इंडियन ऑईलनं 2019 मध्ये आणलेलं डिझेल उणे 33 पर्यंत वाहतं राहतं. आणि ग्लो प्लग (चालू करताना तापणारी कांडी) असलेल्या इंजिनात ते पटकन पेटावं म्हणून ईथरचा फवारा कधीही मारू नका. ईथर 160-180 अंशांनाच पेटतं आणि पिस्टन फोडू शकतं.

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हाही यातलं काही लागत नाही. धडधाकट बॅटरी आणि योग्य ऑईल पुरतं. स्पिती-लडाखकडे कुणी परदेशातून हीटर मागवणार असेल, तर त्यावरचे व्होल्ट आधी वाचा. कॅनडा-अमेरिकेतला 120 व्होल्टचा हजार वॅटचा हीटर म्हणजे 14.4 ओहम. आपल्या 230 व्होल्टवर तोच साडेतीन हजारांहून जास्त वॅट ओढेल आणि जळून जाईल.