मठांतली मिश्र बाडं: ईस्टरचं गणित, इतिहास आणि जमिनी

मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती मठांमध्ये अशी हस्तलिखितं सापडतात की ज्यांच्या एकाच बाडात पंचांगही आहे, बखरही आहे आणि सातबाराही आहे. कॅटलॉग करणाऱ्यांनी नंतर त्यांचे वेगवेगळे विषय पाडले, पण लिहिणाऱ्या साधूंसाठी ते एकच काम होतं.

सुरुवात ईस्टरपासून, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापासून. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तारीख दरवर्षी हलते. चंद्राचा हिशोब १९ वर्षांनी परत जुळतो, वारांचा २८ वर्षांनी, म्हणून १९ गुणिले २८ म्हणजे ५३२ वर्षांनी सगळं चक्र पुन्हा पहिल्यापासून. डायोनिसियस एक्झिगुअसने ५२५ मध्ये रोमला याचं कोष्टक बनवलं आणि त्यातच वर्षं येशूच्या जन्मापासून मोजली. मग ७२५ मध्ये बीड नावाच्या इंग्लिश साधूने कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला, तो मठामठांत गेला. करून बघायचं तर १०६६ घ्या. १९ ने भागलं की बाकी २, त्यात १ मिळवून ३, १९ वर्षांच्या चक्रातल्या तीन नंबरच्या वर्षाची पौर्णिमा १३ एप्रिल, पुढचा रविवार १६ एप्रिल, झालं ईस्टर.

आता कोष्टकात एका वर्षाला एक ओळ आणि बाजूला थोडी मोकळी जागा, तर त्या जागेत साधू त्या वर्षी काय झालं ते दोन-चार शब्दांत टिपायला लागले. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉल मठाच्या नोंदींत ७०९ पुढे कडक हिवाळा आणि एका ड्यूकचा मृत्यू, ७१२ पुढे सगळीकडे पूर, ७३२ पुढे चार्ल्स (फ्रँकांचा सेनानी चार्ल्स मार्टेल) शनिवारी सारासेनांशी, म्हणजे मुस्लिम फौजेशी लढला, आणि मधली कितीतरी वर्षं कोरीच. मला ती कोरी वर्षंही महत्त्वाची वाटतात, कारण काही घडो न घडो, वर्ष मात्र गाळलेलं नाही.

जमिनीचं तसंच, दान कोणत्या वर्षी कोणी दिलं हे सांगता आलं तरच हक्क टिकणार. इंग्लंडातल्या पीटरबरो मठाला १११६ मध्ये आग लागली, नंतर ११२१ च्या सुमारास साधूंनी दुसरीकडच्या बखरीवरून नक्कल करून आपली बखर लिहिली आणि ती करताना जुन्या वर्षांत आपल्या मठाची दानपत्रं घुसवली, ६५६ खाली तर मर्सिया या जुन्या इंग्लिश राज्याचा राजा वुल्फहेर याने दिलेल्या जमिनीच्या हद्दी आहेत! ही दानपत्रं बरीचशी मागाहून रचलेली आहेत, पण बाराव्या शतकात मठ कशावर हक्क सांगत होता ते यातून जितकं कळतं तितकं दुसरीकडून कळणं अवघड. आयर्लंडात 'बुक ऑफ केल्स' या शुभवर्तमानांच्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांच्या) पोथीत मोकळ्या जागी केल्स मठाचे जमीनव्यवहार आयरिश भाषेत उतरवलेत, पवित्र पोथी म्हणजे सगळ्यात भरवशाची जागा.

गणित आणि बखर एकत्र बघायची तर इंग्लंडातल्या थॉर्नी मठाचं १११० च्या सुमाराचं बाड बघावं. बीडचे ग्रंथ, ऋतू, महाभूतं, राशी आणि माणसाच्या वयाचे टप्पे एकाच आकृतीत जोडणारं बिर्टफर्थ या इंग्लिश साधूचं चित्र, ईस्टरची कोष्टकं, सगळं त्यात. मुख्य बाड ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात आहे, पण मठाच्या नोंदी असलेली काही पानं वेगळी होऊन ब्रिटिश लायब्ररीत गेली, हे खरंच दुर्दैव. ऑक्सफर्डमधली पानं कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाने अभ्यासाच्या टिपांसकट ऑनलाइन टाकली आहेत.