सहा रोबोटांचा एक राक्षस खुब्यातच का ढिला पडतो?

बुलडोझर, क्रेन, काँक्रीट मिक्सर अशी सहा बांधकामाची वाहनं. प्रत्येकाचा रोबोट होतो आणि सहाही जोडले की डेव्हास्टेटर उभा राहतो. टाकारा या जपानी कंपनीच्या डायाक्लोन मालिकेतलं हे खेळणं १९८५ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स म्हणून आणलं. त्यात मुठी आणि छातीची ढाल सुटी असल्याने ती हमखास हरवायची; पण पाय ताठ असल्याने बांधा भक्कम होता. हॅस्ब्रोच्या ‘कंबाइनर वॉर्स’ या खेळणी-मालिकेतला २०१५ चा डेव्हास्टेटर सुमारे १८ इंच उंच आहे आणि त्याचे हातपाय वळतात. खरी पंचाईत तिथेच आहे.

समजा, अशा एखाद्या जोड-रोबोटमध्ये हात म्हणून लावलेला रोबोट १५० ग्रॅमचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून ७ सेंमीवर आहे. हात आडवा धरला की खांद्यावर १५० × ७, म्हणजे १०५० ग्रॅम-सेंमी टॉर्क (सांधा फिरवू पाहणारा जोर) येतो. त्याच रोबोटचा स्वतःचा हात १० ग्रॅमचा आणि ३ सेंमीवर धरला, तर टॉर्क होतो फक्त ३०. म्हणजे पस्तीसपट फरक. नुसत्या घर्षणावर टिकणारा सांधा इथे पुरत नाही, म्हणून खांद्यात आणि खुब्यात स्प्रिंग व दातेरी चक्राचा रॅचेट, म्हणजे दात्यादात्यावर अडकत फिरणारा सांधा, घालतात. मात्र १२ दात्यांचा रॅचेट दर ३० अंशांनीच थांबतो. पाय थोडासाच फाकवायचा असेल तर मधली जागा मिळत नाही आणि अख्खा राक्षस एका बाजूला कलतो. २४ दाते केले तर १५ अंशांवर थांबतो, पण दाते बारीक होऊन लवकर झिजतात.

दुसरा दोष जोडखुंटीचा. खुंटी खाचेत ५ मिमी आत जाते आणि तिथे ०.१ मिमी सैलपणा आहे असं धरा. कोन येतो जेमतेम एक अंशाचा. पण पाय २० सेंमी लांब असेल तर तळवा ४ मिमी सरकतो! वर गुडघ्याचा सैलपणा मिळवला की पडणं ठरलेलंच.

दुरुस्तीआधी ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधा, कारण बहुतेक जण घाईने भलत्याच सांध्याला गोंद लावतात. कंबर एका हातात घट्ट धरून पाय पुढे-मागे हलवा. ‘टक’ न वाजता हलला तर दोष खुंटीत किंवा स्क्रूने जोडलेल्या प्लास्टिकच्या दोन कवचांमधल्या फटीत आहे. हलक्या दाबानेच टकटक सरकला तर स्प्रिंग कमजोर आहे किंवा दाते झिजलेत.

फट असेल तर स्क्रू आवळा, पण आधी तो हलकेच उलटा फिरवा. जुन्या आट्यांवर बसल्याचा बारीक झटका जाणवला की मगच सुलटा पिळा. सरळ पिळल्यास प्लास्टिकमध्ये नवे आटे कापले जातात आणि दोन-चार वेळात स्क्रू नुसताच फिरू लागतो.

खुंटी सैल असेल तर ती बाहेर काढून पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ थर द्या आणि रात्रभर उघडी वाळवा. मग बसवून पाहा. लागला तरच दुसरा थर. पारदर्शक प्लास्टिकवर हे मुळीच करू नका, नेलपॉलिशमधल्या द्रावकाने त्याला तडे जातात. फेविक्विकसारखा गोंद वापरलात तरी तो पूर्ण सुकल्याशिवाय खुंटी आत घालायची नाही, नाहीतर सांधा कायमचा चिकटतो.

कमजोर स्प्रिंगमागे अर्ध्या मिमी जाडीची प्लास्टिकची चकती घातली की दाब वाढतो. खुबा उघडताना हात आणि खेळणं दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवा; स्प्रिंग उडून पलंगाखाली गेली की तसलीच दुसरी मिळणं कठीण. जास्त जाड चकती घालू नका, दाते तुटतात.

हॅस्ब्रोच्या २०१५ च्या सुट्या रोबोटांना कोपरच नव्हते. टाकारा टोमीने (टोमी कंपनीत विलीन झाल्यावरची टाकारा) आपल्या जपानी आवृत्तीत ते वाढवले. खेळायला ते नक्कीच बरं, पण प्रत्येक नवा सांधा म्हणजे जोडलेल्या राक्षसात सैलपणाची आणखी एक जागा, आणि तिला पक्कं कुलूप हवंच.

राक्षस महिनोन्महिने जोडून उभा ठेवला तर खाचेचं प्लास्टिक ताणाखाली हळूहळू पसरतं. कपाटात तो उभाच हवा असेल तर दोन पायांच्या मधोमध, थेट कंबरेखाली ॲक्रिलिकचा ठोकळा ठेवा, म्हणजे वरचं वजन खुब्यांवर येत नाही.