पेशीतील एक दुरुस्तीकार: डीएचएफआर

खानापूरजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या फडताळात मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांची पट्टी असते. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असल्याने औषध दुकानदाराने पट्टीवर कन्नडमध्ये वार लिहून दिला होता. मावशीला कन्नड वाचता येत नाही, म्हणून मी त्याखाली ठळक अक्षरांत ‘फक्त सोमवार’ असे लिहिले. ही गोळी चुकून रोज घेतली गेली, तर तोंड सोलवटते, रक्तपेशी झपाट्याने घटतात आणि जीवही जाऊ शकतो.

संधिवातात हे औषध बहुधा वेगळ्या वाटेने काम करते. कर्करोगात मात्र त्याचा मुख्य मारा डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, म्हणजे डीएचएफआर, या विकरावर (पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनावर) असतो.

पेशी दुभंगण्यापूर्वी तिला संपूर्ण डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी थायमिन हे अक्षर भरपूर लागते. ते घडवताना एक कार्बन अणू जोडावा लागतो, आणि तो फोलेट या ब-जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू वाहून आणतो. आपल्याकडे चिकोडी-अथणी भागात हंगामात ऊस भरलेल्या गाड्या कारखान्यावर येतात; समजा, माल उतरवताच प्रत्येक गाडीचा आख मोडत असेल, तर कारखाना चालू ठेवायला फाटकापाशी सतत काम करणारा दुरुस्तीकार हवा. थायमिन घडताना फोलेटच्या वाहकाची अगदी अशीच गत होते, आणि त्याला पुन्हा कामाजोगा करणारा दुरुस्तीकार म्हणजे डीएचएफआर. मेथोट्रेक्सेटचा रेणू फोलेटसारखाच दिसतो, पण या विकराला तो खऱ्या फोलेटपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. शिवारात ऊस उभा असूनही कारखाना थंडावतो.

या औषधाच्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. 1928 मध्ये तेथे आलेल्या लुसी विल्स यांना गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे आढळले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. उलट, रक्ताच्या कर्करोगात फोलेट दिल्याने रोग बळावतो की काय, असा संशय बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना आला. त्यांनी फोलेटला अडवणारे, मेथोट्रेक्सेटच्याच जातीचे अमिनोप्टेरिन वापरले. ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी तयार केले होते. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार 16 मुलांपैकी 10 जणांचा आजार काही काळ ओसरला. हा परिणाम टिकला नाही. तरीही, माझ्या मते, रसायनाने कर्करोग मागे हटवता येतो हा विश्वास तेथेच रुजला.

अडचण अशी की तोंडातील अस्तर, केसांची मुळे आणि अस्थिमज्जा यांनाही थायमिन सतत लागते. त्यामुळे मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिल्यानंतर ठरावीक वेळाने फोलिनिक आम्ल, म्हणजे फोलेटचेच एक रूप, देतात. त्याला डीएचएफआरच्या दुरुस्तीची गरज नसल्याने निरोगी पेशी सावरतात. रुग्णाने या काळात स्वतःच्या मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात तोंडाच्या कर्करोगाची धास्ती नवी नाही, आणि त्या रोगातही काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट दिले जाते. मात्र गाठीतील पेशी हार मानत नाहीत. 1978 मध्ये रॉबर्ट शिमके यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की औषधाला न जुमानणाऱ्या पेशी डीएचएफआरच्या जनुकाच्या अनेक प्रती करून ठेवतात. मग दुरुस्तीकारच इतके होतात, की औषध त्या सर्वांना अडवू शकत नाही.