ट्रिप्टान वेगळं, मॅब वेगळं : अर्धशिशीची दोन इंजेक्शनं

"मायग्रेनचं इंजेक्शन घेतलं गं, दोन तास झाले, काडीचा फरक नाही." असा फोन आला की मी आता आधी एकच सांगते : खोकं हातात घे आणि औषधाचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. शेवट 'ट्रिप्टान' असेल, म्हणजे सुरू झालेलं दुखणं थांबवणारं, तर पुढचं बोलणं एक; 'मॅब' असेल, म्हणजे पुढची दुखणी कमी करणारं, तर सगळंच वेगळं.

हा धडा मी मावसबहिणीच्या घरी घेतला. खिडकीवर चादर टांगलेली, उशाशी उलटीसाठी बादली, डोक्याला घट्ट ओढणी बांधलेली. फ्रिजमध्ये एरेनुमॅबचं पेन, म्हणजे औषध भरलेलं इंजेक्शन, होतं. त्याची महिन्याची ठरलेली तारीख अजून आठवडाभर लांब होती. मेडिकलमधून फोनवर सांगितलं, "मायग्रेनचंच आहे, घ्या." तिने घेतलं आणि रात्रभर तळमळत राहिली. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन कपाटाच्या ड्रॉवरमध्ये तसंच पडलेलं होतं. 'दोन्ही मायग्रेनचीच' या एका वाक्यापायी एका बाईची अख्खी रात्र गेली. म्हणून 'मायग्रेनचं इंजेक्शन' हा शब्दच मला नको वाटतो.

सुमाट्रिप्टान जुन्या पेशंटना पाठ आहे, तेव्हा थोडक्यात. अमेरिकेत ते १९९२ च्या अखेरीला मंजूर झालं. डोकं धरलं की ६ मिलिग्रॅम, मांडीच्या किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कातडीखाली. शिरेत कधीच नाही. दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू होतं. गोळी असताना सुई कशाला, तर अर्धशिशीत पोटाचं कामच मंदावतं. गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीत निघून जाते, आणि राहिली तरी तिच्यातलं जेमतेम १५ टक्के औषध रक्तात पोचतं. इंजेक्शनातलं जवळपास सगळं पोचतं. दुखणं थांबून पुन्हा उलटलं तर निदान एका तासाच्या अंतराने दुसरं घेता येतं, पण २४ तासांत दोनच्या वर नाही. पहिल्याने काहीच फरक पडला नसेल तर त्याच दुखण्यासाठी दुसरं टोचायचं नाही. मान आवळल्यासारखी वाटणं, अंगात ऊब चढणं, मुंग्या येणं हे बऱ्याच जणांना होतं आणि थोड्या वेळात जातं.

आता मॅब. एरेनुमॅब, फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब, ही सगळी २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पहिलं एरेनुमॅब मे महिन्यात. ही अँटीबॉडीची, म्हणजे एकच लक्ष्य नेमकं धरणाऱ्या प्रथिनांची, औषधं आहेत. अर्धशिशीत ट्रायजेमिनल (चेहऱ्याच्या-डोक्याच्या संवेदना नेणाऱ्या) नसेची टोकं सीजीआरपी नावाचा पदार्थ सोडतात, त्यातून ठणका उठतो आणि वाढत जातो. फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅब त्या सीजीआरपीलाच धरून ठेवतात. एरेनुमॅब तो जिथे जाऊन चिकटतो ती जागा अडवून बसतं. हेतू असा, की पुढच्या महिन्यात दुखण्याचे दिवस मुळातच कमी व्हावेत.

घोळ होतो तो इथे, आणि त्याला पेशंटचा दोष नाही. दोन्ही औषधं सुईने, कातडीखाली, घरच्या घरी घेता येतात. पेनंही सारखी दिसतात. डॉक्टर पाच मिनिटांत दोन्हींचं प्रिस्क्रिप्शन लिहून देतात. पण शरीरात गेल्यावर दोघांचा वेग बघा. सुमाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण साधारण १२ मिनिटांत शिगेला पोचतं आणि पुढे दर दोन तासांनी निम्मं होत जातं. मॅबचा रेणू प्रचंड मोठा, तो कातडीखालून सावकाश झिरपतो. त्याचं प्रमाण शिगेला पोचायला पाच-सहा दिवस लागतात आणि निम्मं व्हायला जवळपास चार आठवडे. म्हणजे सोमवारी डोकं फुटत असताना टोचलेलं मॅब रक्तात पुरतं भरतं शनिवारी-रविवारी. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. विहीर चांगलीच आहे, खणायलाच हवी, पण आत्ताची तहान तिने भागत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. उद्या घरात मुंज आहे, ऊन, उपाशीपोट, लाउडस्पीकर, डोकं धरणारच, म्हणून बाई रात्री ११ वाजता सुमाट्रिप्टान टोचून झोपते. सकाळी ७ पर्यंत आठ तास झाले, औषध चार वेळा निम्मं झालं, सोळावा हिस्सा उरला. बटूच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत तेवढंही नाही. आणि हाच 'आधीच घेऊन ठेवते'चा नाद दर महिन्याला दहा किंवा जास्त दिवस असा तीन महिन्यांच्या वर चालला, तर औषधच डोकेदुखी पोसायला लागतं. मग ती बाई म्हणते, माझं मायग्रेन वाढलं. मी कळवळून सांगते, ट्रिप्टानचे दिवस मोजा. गोळीचे आणि सुईचे मिळून मोजा.

वेगातला हा फरक कळला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. मॅबची तारीख ठरलेली असते. त्या दिवशी डोकं अगदी शांत असलं तरी घ्यायचं. ठणकत असलं तरी तारीख आलीय म्हणून घ्यायचं, आणि ठणक्यासाठीचं औषध वेगळं घ्यायचं. हो, मॅब चालू असताना सुमाट्रिप्टान घेता येतं. "एक सुरू केलं म्हणून दुसरं बंद" असं मला दोघींनी सांगितलं आणि दोघींनीही महिनाभर विनाकारण सोसलं. फ्रेमानेझुमॅब तर महिन्याला २२५ किंवा तीन महिन्यांतून एकदा ६७५ मिलिग्रॅम असंही देतात. तीन महिन्यांतून एकदा घेतलेल्या औषधाने आजचं दुखणं थांबवावं ही अपेक्षाच चुकीची.

मॅबचा गुण आजच्या ठणक्यावरून ठरवू नका. मला सर्वांत जास्त चीड येते ती पहिल्या पेनानंतर "पैसे पाण्यात गेले" म्हणून सोडून देण्याची. औषध महाग आहे, ते दुःख खरं आहे, पण निकाल तीन महिन्यांनी बघायचा असतो. ब्रिटनमध्ये नाइस ही उपचारांचे निकष ठरवणारी संस्था १२ आठवड्यांनी तपासायला सांगते. दुखण्याचे दिवस निम्म्याने कमी झाले का, आणि अर्धशिशी जुनाट (महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणारी) असेल तर ३० टक्क्यांनी तरी झाले का? मावसबहिणीने आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी खुणा सुरू केल्यात. डोकं दुखलेल्या दिवशी लाल टिंब, ट्रिप्टान घेतलेल्या दिवशी टिंबाभोवती गोल. एप्रिलमध्ये १४ टिंबं होती, जुलैत ६. "औषध काही कामाचं नाही" असं म्हणायच्या बेतात ती त्याच जुलैत होती, कारण त्या सहांतला एक दिवस फार वाईट गेला होता.

दुष्परिणामांच्या बाबतीत मात्र जीवावरचा फरक आहे. ट्रिप्टान रक्तवाहिन्या आकसवतं. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला, आटोक्यात नसलेलं बीपी, यांत ते चालत नाही. अर्गोटामिन हे अर्धशिशीचं जुनं औषध घेतलं असेल तर २४ तास मध्ये जायला हवेत. मधुमेह, धूम्रपान, पाळी गेलेली अशी जोखीम असेल तर पहिली सुई डॉक्टरांसमोर घ्यावी. म्हणून सुनेचं इंजेक्शन सासूबाईंना द्यायचं नाही, कितीही कळवळा आला तरी. मॅब रक्तवाहिन्या तसं आकसवत नाही, पण एरेनुमॅबने बद्धकोष्ठ होतं, कधी गंभीर, आणि बीपीही वाढू शकतं. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बरंच आधी बोला, मॅब शरीरातून जायला महिने लागतात. आणि क्षणात उठलेली, जन्मात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी असेल तर कोणतंच पेन नाही, सरळ हॉस्पिटल.

बाकी फरक किरकोळ. मॅब २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये गोठलं तर फेकून द्यायचं. घेण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. सुमाट्रिप्टानला फ्रिज लागत नाही, ३० अंशांखाली ठेवायचं, तेव्हा मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत नको. मॅब पोटावरही घेतात, बेंबीपासून दोन इंच सोडून. टोचल्यावर चोळत बसू नका. बोटॉक्सचं नाव यात काहीजण गोवतात. ते घरी घ्यायचं नसतंच, डॉक्टर दर १२ आठवड्यांनी डोकं, कपाळ आणि मानेवर ३१ ठिकाणी टोचतात.

बहिणीच्या खोक्यांवर मी जाड मार्करने लिहून ठेवलंय. ड्रॉवरमधल्या खोक्यावर 'दुखायला लागल्यावर, लगेच'. फ्रिजमधल्या खोक्यावर 'दर महिन्याच्या १८ तारखेला, दुखो न दुखो'. उलटीने तिचे डोळे उघडत नसताना भाऊजींनाही ते वाचता येतं.